पावित्र्य चळवळ, वऱ्हाडातील ख्रिस्ती

पापांची क्षमा मिळाल्यानंतर पवित्र आत्म्याच्या कृपेने माणसाचे अंतःकरण याच जन्मी पापाच्या सत्तेतून मुक्त होऊ शकते, ही शिकवण केंद्रस्थानी मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथांची चळवळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ती अमेरिकेतून वऱ्हाडात आली. अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम ही तिची प्रमुख केंद्रे होत. वाशीम येथे ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या पंथाच्या रूपाने ती अधिक काळ टिकली व तेथील रुग्णालयामुळे ख्रिस्तीतर समाजालाही परिचित झाली.

या शिकवणीचे मूळ नव्या करारातील संत पौलाच्या पत्रांत, विशेषतः रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांत आहे. पौलाच्या लेखी पाप ही केवळ हातून घडलेल्या दुष्कृत्यांची गोळाबेरीज नाही. माणसावर राज्य करणारी ती एक सत्ता आहे. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताच्या मृत्यूत सहभागी होतो आणि त्यामुळे जुन्या धन्याचा त्याच्यावरील हक्क संपतो, असे सहाव्या अध्यायाचे प्रतिपादन आहे. सातव्या अध्यायात चांगले करावेसे वाटूनही ते हातून न घडण्याची व्यथा येते. आठव्यात आत्म्याच्या नियमाने मिळणाऱ्या सुटकेचे वर्णन आहे. सातव्या अध्यायातील हा झगडणारा माणूस ख्रिस्ती आहे की अद्याप ख्रिस्ती न झालेला, हा प्रश्न वरकरणी केवळ अर्थनिर्णयाचा वाटतो. परंतु ख्रिस्ती माणसाने स्वतःकडून काय अपेक्षावे, याचे उत्तर त्यावरच अवलंबून असल्याने त्याविषयी सतराशे वर्षे वाद चालत आला आहे.

संत ऑगस्टीनने (३५४–४३०) उत्तरायुष्यात हा माणूस श्रद्धावान ख्रिस्तीच आहे, असे मत स्वीकारले. मानवी इच्छाशक्तीवर भिस्त ठेवणाऱ्या पेलेजियसशी त्याचा जो वाद झाला, त्याचा निकाल ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेत पेलेजियसच्या विरुद्ध लागला. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) त्याही पुढे जाऊन, श्रद्धावान माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे सांगितले. बाप्तिस्म्यानंतर माणसात वासना उरते, मात्र तिला खऱ्या अर्थाने पाप म्हणता येत नाही, अशी भूमिका रोमन कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४६ मध्ये घेतली. या सर्व मतांत एक गोष्ट समान होती : पापाशी चाललेला झगडा मृत्यूपूर्वी संपतो, असे त्यांपैकी कोणीही मानत नव्हते.

जॉन वेस्ली (१७०३–९१) या इंग्लिश धर्मोपदेशकाने ही मर्यादा अमान्य केली. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत, आपल्या पापांची क्षमा झाली आहे, अशी निश्चिती त्याला लाभली. त्यानंतरच्या अर्धशतकात त्याने जी मेथडिस्ट चळवळ उभारली, तिचे वैशिष्ट्य म्हणजे ‘ख्रिस्ती परिपूर्णता’ हा सिद्धांत. १७६६ मध्ये त्यावर त्याने स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याच्या मते क्षमा ही पहिली पायरी होय. त्यानंतर देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाने अंतःकरण इतके भरून जाऊ शकते, की तेथे जाणूनबुजून पाप करण्याच्या वृत्तीला जागाच राहू नये. अशा माणसाच्या हातूनही चुका होतात, त्यालाही मोह पडतात, तोही आजारी पडतो व विसरतो. तथापि ज्ञात नियमाचे हेतुपुरस्सर उल्लंघन त्याच्याकडून होत नाही, असे वेस्ली म्हणे. पापाची व्याख्या अशी हेतूवर आणून ठेवणे, हा या सिद्धांताचा कणा आहे आणि टीकाकारांनी नेमके येथेच बोट ठेवले आहे.

अमेरिकेत फीबी पामर (१८०७–७४) या विदुषीच्या सभांतून व लेखनातून, तसेच १८६७ मध्ये न्यू जर्सी राज्यातील व्हाइनलंड येथे भरलेल्या शिबिर-सभेपासून या विचाराला लोकचळवळीचे रूप आले. मोठ्या मेथडिस्ट चर्चमध्ये सुबत्ता व शिथिलता आली आहे, असे वाटणारे लोक बाहेर पडू लागले. त्यांपैकी फ्री मेथडिस्ट पंथ १८६० मध्येच स्थापन झाला होता. बाकाचे भाडे देणाऱ्यालाच प्रार्थनामंदिरात चांगली जागा मिळावी, ही प्रथा त्याला मान्य नव्हती आणि गुलामगिरीलाही त्याचा विरोध होता. ए. बी. सिम्प्सनने ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, रोग बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा अशा चतुर्विध रूपांत मांडले. त्याच्या कार्यातून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था निघाली. चर्च ऑफ द नाझरीन हा पंथ लहानमोठ्या अनेक गटांच्या एकीकरणातून १९०८ मध्ये टेक्सस राज्यातील पायलट पॉइंट येथे आकारास आला.

वऱ्हाडात आगमन : हिंदुस्थानात या विचाराची पहिली मोठी लाट विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट प्रचारकाने आणली. १८७१-७२ मध्ये त्याने मुंबई व पुणे येथे मराठी मुलखातील पहिल्या मेथडिस्ट मंडळ्या उभ्या केल्या. पुढे प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले. ज्या भागात एका मिशनचे ठाणे असे, तेथे दुसऱ्याने जाऊ नये, असा हा सलोख्याचा संकेत होता. पुणे, अहमदनगर, नागपूर यांसारखी केंद्रे जुन्या मिशनांनी आधीच व्यापलेली असल्यामुळे नव्याने येणाऱ्या, पैशाने व मनुष्यबळाने तोकड्या मिशनांच्या वाट्याला वऱ्हाडसारखे प्रदेश आले. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा कापसाचा मुलूख लोहमार्गाने मुंबईशी जोडला गेलेला होता. अलायन्स मिशनने अकोल्यास तळ दिला, फ्री मेथडिस्टांनी यवतमाळची बाजू धरली, वाशीम (तत्कालीन बासीम) येथे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे ठाणे झाले. पुढे नाझरीन पंथात विलीन झालेल्या अमेरिकेतील एका संघटनेचे प्रचारक १८९८ मध्ये प्रथम इगतपुरीस व नंतर बुलढाण्यास आले.

या वाटणीचा परिणाम मिशनच्या इतिहासांत फारसा नोंदला गेलेला नाही. अहमदनगर किंवा वसई येथील ख्रिस्ती माणसाला आपल्या धर्माचे अनेक पंथ व अनेक मते जवळपास दिसत. वऱ्हाडातील खेड्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाच्या कानी मात्र बहुधा एकच शिकवण पडे. ‘क्षमेनंतर दुसरी कृपा असते’ हे एका पंथाचे विवाद्य मत आहे, याची त्याला कल्पनाही नसे. त्याच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्म तो हाच.

शब्दांचा प्रश्न : ही शिकवण मराठीत सांगताना प्रचारकांपुढे मोठी अडचण उभी राहिली. मराठी बायबलाची परंपरा विल्यम कॅरी व पंडित वैजनाथ यांच्या श्रीरामपूर येथील भाषांतरापासून (नवा करार, १८११) सुरू होते. तेव्हापासून रूढ झालेले जवळजवळ सर्व शब्द हिंदू व जैन परंपरांतून आलेले होते. ‘पाप’ म्हटले की त्याच्या जोडीला ‘पुण्य’ येई आणि दोहोंच्या जमाखर्चाची कल्पना मनात उभी राही. पौलाला अभिप्रेत असलेले, राजासारखे सत्ता गाजवणारे पाप त्या वहीत बसत नसे. ‘आत्मा’ या शब्दामागे वेदान्ताची दीर्घ परंपरा होती. पवित्र आत्मा हा मात्र देवत्वातील एक व्यक्ती, माणसाकडे बाहेरून येऊन त्याच्यात वस्ती करणारा. पौलाच्या ग्रीकमधील ज्या शब्दासाठी ‘देह’ वापरला जाई, त्याचा अर्थ शरीर एवढाच घेतल्यास शरीर मुळातच वाईट आहे, असा समज होई. तो टाळण्यासाठी पुढील भाषांतरात ‘देहस्वभाव’ हा शब्द आला व तो टिकला. ‘पुनर्जन्म’ हा शब्द कटाक्षाने वर्ज्य करून ‘नवा जन्म’ म्हणावे लागे. ‘तारण’ हा शब्द तर सावकाराच्या वहीतही होता; ज्या शेतकऱ्याची जमीन तारण पडलेली आहे, त्याला तारण मिळाल्याची वार्ता सांगणे ही भाषेने केलेली थट्टाच म्हणावी लागेल.

वाशीमच्या परिसरात हे शब्द विशेष जिवंत होते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या या वत्सगुल्म नगरीत तीर्थांची व बालाजीच्या उपासनेची परंपरा आहे. जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व जैन भट्टारकांचे पीठ, शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र, तर पोहरादेवी हे सेवालाल महाराजांना मानणाऱ्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. प्रायश्चित्त, तीर्थस्नान, गुरुकृपा, कर्मबंधाची निर्जरा असे पापमुक्तीचे अनेक मार्ग लोकांना ठाऊक होते. पापातून सुटका होते, हे सांगण्यासाठी परदेशी प्रचारकाची गरज नव्हती. ती कोणाची, कशाने व कधी होते, हा खरा मुद्दा होता.

तो मुद्दा सर्वांत तीव्रपणे भिडला तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना. वऱ्हाडातील मिशनांकडे आलेले लोक मुख्यतः महार व मांग समाजांतील होते. त्यांच्या संदर्भात ‘पवित्र’ या शब्दाला दुहेरी धार होती. गावाच्या लेखी ते जन्मतःच अपवित्र होते आणि ही अपवित्रता कोणत्याही कृत्यामुळे आलेली नसल्याने कोणत्याही प्रायश्चित्ताने जाणारीही नव्हती. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, एवढेच तिचे स्पष्टीकरण दिले जाई. या विचाराला आव्हान याच प्रदेशाच्या परंपरेत पूर्वी मिळालेले होते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या संत चोखामेळ्यांच्या व त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या अभंगांत विटाळाच्या कल्पनेची मुळापासून झडती घेतलेली आहे. पावित्र्य चळवळीने वेगळ्या वाटेने तोच प्रश्न हाती घेतला. आदामापासून आलेले पाप सर्व मानवजातीला सारखेच लागलेले आहे, असे ती सांगे. म्हणजे पाटील-कुलकर्णीही त्यातून सुटत नाहीत. पापाचे ठिकाण हृदय व हेतू हे असल्याने स्पर्शाने ते लागत नाही. आणि ज्याला गावाच्या पाणवठ्यावर जाण्यास बंदी आहे, तोही याच जन्मी संपूर्ण पवित्र होऊ शकतो. मूळ पापाचा सिद्धांत युरोपात निराशावादी गणला गेला आहे. वऱ्हाडातील महारवाड्यात तो समतेचा सिद्धांत ठरू शकत होता.

मुक्तिसदनातील जागृती : मराठी प्रदेशात आत्म्यातील जीवनाचा सर्वांत प्रभावी आविष्कार वऱ्हाडाबाहेर, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी भेटला, असा फरक त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात केला आहे. बाह्य धर्मांतर व अंतःकरणाचे परिवर्तन यांतील हे अंतर वेस्लीच्या परंपरेला जवळचे होते. जून १९०५ मध्ये मुक्तिसदनातील मुलींमध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट उसळली. अनाथ व विधवा मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या. त्यांनी उघडपणे पापे कबूल केली व त्यांची पथके प्रचारासाठी बाहेर पडली. मेथडिस्ट कार्यकर्ती मिनी एब्रम्स हिने १९०६ मध्ये या अनुभवावर लिहिलेले पुस्तक परदेशांतही वाचले गेले. रमाबाईंचे वऱ्हाडातील मिशनांशी पूर्वीपासून संबंध होते. अकोल्याच्या अलायन्स मिशनमधील जेनी फुलर हिच्या हिंदी स्त्रियांच्या दुःखांविषयीच्या ग्रंथाला (१९००) रमाबाईंची प्रस्तावना आहे.

केडगावच्या जागृतीत काहींना अन्य भाषा बोलण्याचा अनुभव आला. पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण हीच काय, यावर पुढे जगभर फूट पडली व पेन्टेकॉस्टल पंथ वेगळे झाले. नाझरीन पंथाने ही खूण अमान्य केली आणि आपल्या नावातील ‘पेन्टेकॉस्टल’ हे विशेषण १९१९ मध्ये काढून टाकले. आत्म्याची खूण चमत्कारांत शोधावयाची नसून शुद्ध प्रेमात व शिस्तीच्या आचरणात शोधावयाची, असा त्याचा आग्रह राहिला.

नाझरीन पंथ व वाशीम : बुलढाण्याच्या ठाण्यास आरंभीची वर्षे कठीण गेली. पहिल्या तुकडीतील बरेच जण अल्पावधीत परतले. १९०४ मध्ये आलेले लेटन ट्रेसी यांनी सुमारे तीन दशके राहून कामाचा पाया घातला. वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते, नंतर ते अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाले. तेथील मेथडिस्टांचे काम १९३० नंतरच्या दशकात नाझरीन मिशनकडे आले.

अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायकर या १९३६ मध्ये भारतात आल्या आणि १९३८ मध्ये त्यांनी वाशीम येथे मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत रुग्णालय सुरू केले. पंथाचे ज्येष्ठ नेते हायरम रेनल्ड्स त्याच वर्षी निवर्तले; त्यांच्या स्मरणार्थ त्याला ‘रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल’ हे नाव मिळाले. स्पायकर यांनी सुमारे चार दशके येथे काम केले व नव्या इमारतींच्या बांधकामावरही जातीने देखरेख केली. एव्हलिन विटहॉफ या दुसऱ्या डॉक्टर १९४१ मध्ये भारताकडे येत असता फिलिपीन्समध्ये अडकल्या. जपान्यांच्या नजरकैदेत सुमारे तीन वर्षे काढल्यानंतर, युद्ध संपल्यावर त्या वाशीमला पोचल्या. परिचारिका जीन डार्लिंग यांनी रुग्णालयाच्या परिचारिका-प्रशिक्षणाच्या कामात मोठा वाटा उचलला. प्रमुख स्थानी स्त्रिया असणे हा केवळ योगायोग नव्हता. आत्मा पुत्रांवर तसाच कन्यांवरही ओतला जातो, या वचनाच्या आधारे पावित्र्य चळवळीने स्त्रियांच्या धर्मोपदेशाचे आरंभापासून समर्थन केले होते आणि नाझरीन पंथात स्त्रियांना धर्मदीक्षेचा अधिकार स्थापनेपासूनच आहे.

या पंथाच्या श्रद्धाकलमांपैकी दहावे कलम पूर्ण पवित्रीकरणाविषयी आहे. माणूस देवाला सर्वस्व अर्पण करतो तेव्हा जन्मजात दूषिततेपासून त्याचे हृदय शुद्ध होते आणि हे कार्य विश्वासाने क्षणात घडते. कृपेत वाढ मात्र आयुष्यभर चालू राहते, असा त्याचा आशय आहे. व्यवहारात यासाठी संजीवन-सभा, सर्वांसमक्ष साक्ष देणे, उपवास-प्रार्थना व वार्षिक शिबिरे ही साधने वापरली गेली. दारू, तंबाखू व जुगार यांना मज्जाव करणारी लेखी नियमावलीही आहे. गावातील मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांना दारूबंदीचा लाभ झाला, हे निर्विवाद होय. घरातील स्त्रियांना तो विशेष जाणवला असणार.

तथापि येथेच या चळवळीची उणीवही दिसते. ज्या शिकवणीने पापाचे ठिकाण हेतूत असल्याचे सांगितले, तिच्याच अनुयायांत पावित्र्याची मोजणी पुन्हा बाह्य वर्तनावरून होऊ लागण्याचा धोका होता. विडी ओढणारा माणूस आत्म्याने भरलेला असू शकत नाही, असे म्हणणे सोपे. मनातला अहंकार ओळखणे अवघड. शिवाय ‘मी पूर्णतः पवित्र झालो’ अशी साक्ष एकदा दिल्यानंतर घसरलेल्या माणसाला तसे कबूल करणे जड जाते. अमेरिकेतील या परंपरेच्या विचारवंतांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोषांची चर्चा केली असून पवित्रीकरणाचे वर्णन मुळासकट काढून टाकलेल्या वस्तूऐवजी प्रेमाच्या नात्याच्या भाषेत करण्याकडे त्यांचा कल आहे. मराठीत हे काम फार पूर्वी सुरू झाले होते, मात्र ते या पंथांबाहेर झाले. रेव्ह. नारायण वामन टिळक (मृ. १९१९) यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप दिले आणि पवित्र जीवनाला क्षणिक अनुभवाऐवजी गुरुशिष्याच्या सहवासाची उपमा मानवेल, हे दाखवून दिले. वऱ्हाडातील मंडळ्यांत टिळकांची गीते गायिली जात असली, तरी त्यांतील हा विचार धर्मशिक्षणात फारसा उतरला नाही.

दुसरे आव्हान धर्मांतराच्या राजकीय व सामाजिक आशयातून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वऱ्हाडातील महार समाज बहुसंख्येने त्या मार्गाने गेला. अस्पृश्यता ही कोणत्याही पापाचे फळ नसून समाजाने लादलेला अन्याय आहे, असे ठामपणे म्हटल्यावर पापमुक्तीच्या भाषेची गरजच उरत नव्हती. आत्म्याचे अस्तित्वही बौद्ध विचार मानीत नाही. मिशनांजवळ याला तयार उत्तर नव्हते. पाप व्यक्तीच्या हृदयात शोधण्याची सवय इतकी पक्की होती, की ते गावाच्या रचनेतही असू शकते, हा विचार त्यांच्या उपदेशात क्वचितच आला. वेस्लीने स्वतः गुलामगिरीविरुद्ध लिहिले होते, हा धागा येथे बव्हंशी निसटला. दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्या दलितांना स्थान मिळाले नाही. बौद्धांना ते १९९० मध्ये मिळाले. त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबांना जातीची झळ सोसावी लागली, तरी सवलती मात्र मिळाल्या नाहीत.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अत्यल्प आहे. त्यांत नाझरीन मंडळ्यांबरोबर अन्य प्रॉटेस्टंट पंथीय आणि १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातील रोमन कॅथलिकही आहेत. परदेशी कार्यकर्त्यांची जागा क्रमाक्रमाने भारतीय पाळक, डॉक्टर व परिचारिकांनी घेतली. वाशीमच्या रुग्णालयातून प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका महाराष्ट्रात व बाहेरही काम करू लागल्या. पाण्याचा पेला कोणाच्या हातून घ्यावा, हा प्रश्न एके काळी ज्या परिसरात विचारला जाई, तेथे सर्व जातींचे रुग्ण एकाच छपराखाली त्यांच्या हातचे पाणी व औषध घेत आले.